सिंधुदुर्ग जिल्हा फिरायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना, दिवाळी आणि नाताळ जवळ आले की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. होडीचे दर, खोल्यांची भाडी, विमानांच्या वेळा दर हंगामात बदलतात, म्हणून त्या घातलेल्या नाहीत. भरती, पाऊस, घाट आणि जत्रा यांच्यापुढे मात्र कोणाचे काही चालत नाही, तेव्हा भर त्यांच्यावर आहे.

१. सिंधुदुर्ग म्हणजे किल्ला की जिल्हा? मालवण म्हणजेच सिंधुदुर्ग ना?

किल्ला आधीचा, जिल्हा नंतरचा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला आणि मालवणच्या जलदुर्गाचे नाव त्याला मिळाले. मालवण हा आठ तालुक्यांपैकी एक. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे किनाऱ्याचे तालुके. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही गावे मुंबई-गोवा महामार्गाच्या पट्ट्यात. वैभववाडी आणि दोडामार्ग सह्याद्रीच्या कुशीत. जिल्ह्याचे मुख्यालय ओरोसला आहे, पण फिरायला म्हणून तिथे कोणी जात नाही.

२. रेल्वेने 'सिंधुदुर्ग' स्टेशनवर उतरलो की किल्ला जवळ पडेल का?

नाही. नावावर जाऊन तिकीट काढू नका. हे स्टेशन ओरोसला आहे, समुद्रापासून बरेच आत, आणि तिथे थांबणाऱ्या गाड्याही कमी. मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ किंवा कणकवली, देवगड-कुणकेश्वरसाठी कणकवली, वेंगुर्ला-शिरोड्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोड आणि आंबोलीसाठी सावंतवाडी रोड सोयीचे. मालवण, देवगड, वेंगुर्ला यांपैकी एकाही गावाला रेल्वे नाही, पुढचा प्रवास एसटी किंवा रिक्षाने करावा लागतो. रात्री उशिराची गाडी असेल तर रिक्षा आधी सांगून ठेवा. विमानतळ चिपीला आहे (ऑक्टोबर २०२१ पासून), पण तिथल्या सेवेचा भरवसा तिकीट हातात आल्यावरच धरावा. पुष्कळ जण गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरतात. वेंगुर्ला-सावंतवाडीला तो सोयीचा पडतो.

३. दोन दिवसांत अख्खा जिल्हा होईल का?

होईल, पण गाडीच्या खिडकीतून. नकाशावर देवगड ते रेडी हा किनारा सरळ रेघेसारखा दिसतो, रस्ता तसा नाही. विजयदुर्ग, देवगड, आचरा, कालावल, कर्ली, तेरेखोल अशा खाड्या मध्ये येतात. जवळचे दिसणारे गाव पलीकडच्या काठावर असते आणि पूल गाठायला वळसा पडतो. आमचे सांगणे एवढेच की एका दिवशी एकच तालुका घ्या आणि मुक्काम हलवत बसू नका.

दोनच दिवस असतील तर मालवणात राहा. एक दिवस किल्ला आणि तारकर्ली-देवबाग, दुसरा दिवस धामापूर, वालावल, पिंगुळी. तिसरा मिळाला तर देवगड-विजयदुर्ग किंवा वेंगुर्ला-रेडी यांतले एक निवडा. दोन्ही एका दिवसात घालणारे लोक संध्याकाळी एकमेकांशी भांडत परततात.

४. कधी यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, समुद्र शांत, पाणी स्वच्छ. मार्चपासून उकाडा वाढतो, पण आंबा, ओले काजू, फणस, करवंदे हे सगळे त्याच दिवसांत येते, म्हणून खाण्यासाठी येणाऱ्यांनी एप्रिल-मे सोडू नये. नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा शक्यतो टाळा. मालवणच्या अरुंद रस्त्यांवर तेव्हा पायी चालणारा गाडीच्या आधी पोहोचतो.

५. पावसाळ्यात येऊन उपयोग आहे का?

समुद्रासाठी नाही, डोंगरासाठी आहे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या, स्कुबा, डॉल्फिन फेऱ्या बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. तेव्हा ताज्या सुरमईचा आग्रह धरला तर पानात येते ती बर्फातली. त्यापेक्षा खाडीचे मासे, कुर्ल्या (खेकडे) आणि सुकी मासळी मागा, घरोघरी तेव्हा तेच शिजते.

आंबोली मात्र तेव्हाच पाहावी. सावंतवाडीहून साधारण तासाभराचा घाट, उंची सुमारे ६९० मीटर, आणि महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्याखाली इतकी गर्दी असते की पाण्यापेक्षा माणसे जास्त दिसतात. मंगळवार-बुधवार गाठा. बेडूक, साप, किडे पाहण्याची हौस असेल तर रात्री स्थानिक जाणकाराबरोबर फिरा, कारण आंबोलीचे खरे वैभव ते आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाच्या प्रजातीमुळे त्या जागेला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. कुंडात पाय धुऊ नका, साबण तर नकोच. याशिवाय वैभववाडीतला नापणे, कणकवलीतला सावडाव आणि दोडामार्गातला मांगेली हे धबधबेही पावसाळ्यातच पाहण्यासारखे.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश धावतात. परतीच्या दिवशी घाईचे काम ठेवू नका.

६. भरती-ओहोटीची वेळ कशी कळेल? त्याने आपल्याला फरक काय पडतो?

फरक सगळाच पडतो. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) चालायला किती जागा उरेल, देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते त्या संगमावरचा वाळूचा पट्टा (ज्याला हल्ली सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात) उघडा असेल की पाण्याखाली, मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांवर उतरता येईल की नाही, सगळे यावर.

मोबाइलवर तक्ता मिळतो, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, ओहोटी संध्याकाळी पाच-सव्वापाचला. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चाला.

आता यातली मेख. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी. म्हणजे अष्टमीला दुपारी ओहोटी सोयीच्या वेळी असली तरी संगमावरची वाळू फारशी उघडी पडत नाही. रुंद, ओली, आरशासारखी पुळण सूर्यास्ताला हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठावी.

७. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला किती वेळ लागतो? लहान मुले, म्हातारी माणसे जाऊ शकतील का?

मालवणच्या जेटीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटे. होडीवाले किल्ल्यावर साधारण तासभर देतात. तो कमी पडतो हे आधीच सांगून ठेवतो, जास्त थांबायचे असेल तर चढण्यापूर्वीच बोलून घ्या. होडीत चढता-उतरताना हात द्यायला माणूस लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी भरतीच्या आसपासची वेळ निवडावी, होडी धक्क्याच्या पातळीला येते.

बांधकामाला २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरुवात झाली आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. देखरेख हिरोजी इंदुलकरांची. पायाच्या दगडांत शिसे ओतलेले आहे. होडीतून येताना समोर सलग तट दिसतो, दरवाजा दिसतच नाही. तटाच्या वळणात शिरल्यावर तो एकदम पुढ्यात येतो. दरवाज्याच्या वरच्या अंगाला दोन छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. घाईतले लोक तिथून सरळ पुढे जातात. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींचे पाणी चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोडे आहे. किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात, तेव्हा कोणाच्या खळ्यात (अंगणात) शिरून फोटो काढू नका.

८. सिंधुदुर्ग पाहिला तर विजयदुर्ग पाहायची गरज आहे का? आणि हेलियमचा शोध तिथे लागला हे खरे का?

विजयदुर्ग वेगळ्या जातीचा आहे. तो शिलाहार काळापासूनचा, पुढे मराठ्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झालेला, तिहेरी तटाचा किल्ला आहे. जमिनीवरून चालत जाता येते, होडी लागत नाही, म्हणजे पावसाळ्यातही पाहता येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. आमचे मत विचाराल तर गर्दीचा कंटाळा असलेल्याने विजयदुर्गच आधी पाहावा. जवळच गिर्ये गावचे रामेश्वर मंदिर आहे, तेही चुकवू नये.

हेलियमचे म्हणाल तर गावात तुम्हाला 'साहेबाचे कट्टे' दाखवतील आणि इथूनच इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांनी १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पाहून हेलियम शोधला असे सांगतील. ग्रहण त्या दिवशी झाले हे खरे. पण त्या ग्रहणाचे गाजलेले निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केले, आणि लॉकयर यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली पिवळी रेषा, जिच्यावरून हेलियम ओळखला गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. कट्ट्यावर बसून समुद्र जरूर बघा, मुलांना मात्र शाळेच्या प्रकल्पात ते लिहायला लावू नका.

९. पोहता येत नाही. स्कुबा जमेल का?

जमेल. मालवण-तारकर्लीला बहुतेक जण करतात ते अनुभवापुरते स्कुबा. प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो, खोली कमी असते. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, गरोदरपण असेल तर नको. साधी सर्दी असली तरी नको, कारण कानातला दाब मोकळा होत नाही आणि पहिल्या दोन मीटरमध्येच ठणका लागतो. अर्जात हे प्रश्न असतात, घाईत सगळीकडे 'नाही' लिहू नका.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर उभे राहू नका. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकणारा प्रशिक्षक भेटला तर त्याला नको म्हणा.

१०. शांत किनारा कुठला?

भोगवे, निवती, खवणे, कोंडुरा, तोंडवळी, तांबळडेग, मिठमुंबरी. तारकर्लीपेक्षा शांत हवे असेल तर यांतला कुठलाही. पण शांत किनाऱ्यावर बुडणाऱ्याला ओढून काढणाराही नसतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे तर आधी गावातल्या माणसाला विचारा, तो 'नको' म्हणाला तर वाद घालू नका. गाडी पुळणीवर घालू नका. रुतलेली गाडी भरतीच्या आत काढायला ट्रॅक्टर शोधत फिरणारे पाहुणे दर हंगामात भेटतात.

११. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढताना बघायची आहे. कुठे, कधी?

ठरवून दिसेलच असे नाही. सकाळी लवकर तोंडवळी, तारकर्ली, वायरी या बाजूला पुळणीवर फिरा. होडीने जाळे समुद्रात अर्धगोल टाकून दोन्ही टोके किनाऱ्यावर आणलेली असतात आणि दोन रांगा दोर ओढत हळूहळू एकमेकींच्या जवळ सरकतात. मागचा माणूस दोर गुंडाळून पुन्हा पुढे पाण्यात जातो. शेवटच्या दहा मिनिटांत आवाज चढतो, जाळ्याचा खोळ उथळ पाण्यात येतो आणि आतला बांगडा नाहीतर तारली फडफडायला लागते, वर घारी आणि बगळे. हात लावायचा असेल तर विचारून रांगेत उभे राहा. दोर ओलांडू नका, त्यावर पाय देऊ नका. मासळी कमी आली तर तेव्हा फोटो मागू नका.

१२. समुद्र पाहून झाला. आजी-आजोबांना घेऊन काय पाहता येईल?

धामापूरचा तलाव आणि काठचे भगवती मंदिर, वालावलचे लक्ष्मीनारायण मंदिर, आरवलीचा वेतोबा. वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपला झिजतात अशी श्रद्धा. रेडीचा द्विभुज गणपती १९७६ मध्ये खाणीत सापडला. दर्शन सोपे, चढ नाही.

सावंतवाडीत मोती तलाव, राजवाडा आणि चितारआळीतली लाकडी खेळणी. राजवाड्यात गंजिफा रंगवताना पाहायला मिळतात. दशावतारी गंजिफाचा एक जोड १२० पत्त्यांचा, गोल, हाताने रंगवलेला. किंमत ऐकून मागे सरकण्यापूर्वी रंगवणाऱ्याच्या शेजारी पाच मिनिटे थांबा. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या पाहता येतात. ती परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे फोन करूनच जावे.

१३. दशावतार (कोकणातले लोकनाट्य) पाहायचा आहे. तिकीट कुठे मिळते?

तिकीट नसते. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, पालखी झाली की देवळासमोर रात्री उशिरा नाटक उभे राहते आणि पहाटे दहीकाल्याने संपते. ज्या गावात राहाल तिथे 'आज जत्रा खंय आसा?' (आज जत्रा कुठे आहे?) एवढे विचारा. बसायला चटई आणि अंगावर घ्यायला काहीतरी न्या. दोन तासांनी उठून आलात तरी चालते, पण संकासुर (त्यातला राक्षस) येण्याआधी उठू नका.

१४. आंगणेवाडीच्या जत्रेची पुढच्या वर्षीची तारीख सांगा, सुट्टी टाकायची आहे.

आज कोणीच सांगू शकणार नाही. आंगणेवाडी ही मसुरे गावची वाडी, तिथल्या भराडीदेवीची ही जत्रा पंचांगातल्या तिथीवर नसते. देवीचा कौल (संमती) घेऊन तारीख ठरते आणि मग जाहीर होते. साधारण फेब्रुवारी-मार्च धरा. तारीख जाहीर झाली की काही वेळात रेल्वेच्या जागा संपतात. लाखोंची गर्दी असते, तेव्हा जत्रा आणि मालवण दर्शन एकाच दिवशी जमवायला जाऊ नका.

१५. गावपळण म्हणजे काय? पर्यटकांना पाहता येते का?

आचरा गावची जुनी प्रथा. काही वर्षांनी एकदा, रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुरेढोरे, कोंबडी-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. चिंदर आणि वायंगणीतही अशी प्रथा आहे. वेशीबाहेरच्या राहुट्यांत भजने, फुगड्या, एकत्र जेवणे चालतात, तिथे ओळखीने गेलात तर स्वागत होईल. रिकाम्या गावात 'काय दिसते बघू' म्हणून शिरायचे नाही. त्या दिवसांत आचऱ्यातली खोली घेतली असेल तर आधी फोन करा.

१६. गणपतीच्या सुट्टीत आलो तर?

नातेवाईक असतील तर जरूर या, हॉटेलच्या भरवशावर येऊ नका. कामगार, स्वयंपाकी, होडीवाले, रिक्षावाले सगळे आपापल्या घरी गणपतीपुढे असतात. बरीच खानावळ बंद, उघडी असेल तिथे मासे नाहीत. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि पहिल्या काही मिनिटांत भरते. मे महिना आणि होळीलाही थोडेफार असेच.

१७. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

अजिबात नाही. घावने, आंबोळी, काळ्या वाटाण्यांचे सांबार, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, शिरवाळे आणि नारळाचा रस, वर सोलकढी. अडचण एवढीच की यांतले निम्मे हॉटेलच्या पाटीवर नसते आणि शाकाहारी म्हटले की पनीर पुढे येते. घरगुती ठिकाणी राहा आणि सकाळीच सांगून ठेवा. भांडी वेगळी हवी असतील तर तेही तेव्हाच सांगा. मासे खाणाऱ्यांसाठी: सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत.

१८. देवगडला जाऊन बागेतून आंबा आणता येईल का? रस्त्यावरचा 'देवगड हापूस' खरा असतो का?

एप्रिल-मेमध्ये येईल, बागायतदाराशी आधी बोलून. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवलेला तयार आंबा हिरवाच घ्या, घरी गवतात अढी लावा, आठ-दहा दिवसांत पिकतो. पिकलेला घेतलात तर गाडीतच संपवावा लागतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ते रत्नागिरी-सिंधुदुर्गासह कोकणच्या पाच जिल्ह्यांना मिळून. म्हणजे नुसते मानांकनाचे चित्र दिसले म्हणून आंबा देवगडचाच असे होत नाही. फेब्रुवारीत महामार्गावर रचलेल्या ढिगाऱ्यांकडे बघून न थांबता पुढे जावे.

१९. कातळशिल्पे या जिल्ह्यात आहेत का?

आहेत. मालवण तालुक्यात कुडोपीच्या सड्यावरची (कातळाच्या उघड्या पठारावरची) पाहण्यासारखी. कोकणातली जी ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत कुडोपी आहे. सावली नाही, पाणी नाही, त्यामुळे सकाळीच जा. तिरप्या उन्हात रेषाही नीट दिसतात. गावातला माणूस बरोबर घ्या, नाहीतर शिल्पावर उभे राहूनच शिल्प शोधत बसाल. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा पाणी वापरू नका.

२०. सकाळी स्कुबा करून दुपारी घाटाने कोल्हापूर-पुण्याला निघालो तर चालेल का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, विचारायला हवा सगळ्यांनी. डुबकीनंतर लगेच उंचीवर जाणे शरीराला चांगले नाही. विमानासाठी एका डुबकीनंतर निदान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर १८ तास थांबण्याचा सर्वसाधारण नियम आहे, आणि सुमारे ६०० मीटरच्या वरचा घाटही त्याच हिशेबात धरतात. आंबोली त्याच्या वर जाते. अनुभवापुरत्या उथळ डुबकीत धोका थोडाच, पण स्कुबा पहिल्या दिवशी उरकला की प्रश्नच मिटतो. कोर्स करणाऱ्यांनी हे प्रशिक्षकाकडून स्पष्ट विचारून घ्यावे. तब्येतीच्या बाकीच्या अटी प्रश्न ९ मध्ये.

२१. तेरेखोलचा किल्ला सिंधुदुर्गात येतो का? तिथून गोव्याची बाटली आणली तर?

किल्ला नदीच्या अलीकडच्या, आपल्या काठावर आहे, पण हद्द गोव्याची. शिरोडा (१९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते गाव), रेडीचा गणपती, यशवंतगड आणि तेरेखोल अशी अर्ध्या दिवसाची फेरी छान होते. बाटलीचे म्हणाल तर गोव्याच्या दारूवर महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क भरलेले नसते, त्यामुळे एक बाटलीसुद्धा परवान्याशिवाय इकडे आणणे गुन्हा आहे. 'एकच आहे, घरच्यासाठी आहे' हे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर रोज ऐकले जाते. गाडी जप्त होऊ शकते, मग पुढचे सगळे बेत पोलीस ठाण्यातून ठरतात.